सहा मिलिमीटरचा नट, नग एक

बायकोचे सगळे निरोप गेले हे मला मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास कळलं. ती जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. खरं म्हणजे हे सोमवारीच कळायला हवं होतं, पण सोमवार सगळा संगणक सुरू होण्याची वाट बघण्यात गेला.

मी लष्कराच्या डेपोत भांडारपाल आहे. गणवेशातला नाही, साध्या कपड्यातला. गाड्यांचे सुटे भाग माझ्या ताब्यात असतात. बायको त्याच डेपोत गणवेश भांडारात होती. तिचं भांडार एका टोकाला, माझं दुसऱ्या टोकाला, मधे दुरुस्तीची कार्यशाळा आणि दोन फाटकं. मोबाइल आत न्यायला बंदी. टेबलावरचे फोन फक्त साहेबांना आणि संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नलवाल्यांना. आम्हा दोघांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मागणी.

मागणी म्हणजे असं. एका भांडाराला दुसऱ्या भांडारातली वस्तू हवी असली की संगणकावर चार रकाने भरायचे. वस्तू, नग, तारीख आणि कारण. पलीकडचा भांडारपाल मंजूर नाहीतर नामंजूर करतो. मंजूर केलं की माल हलतो, फाटकाचा पास निघतो, सह्या होतात. नामंजूर केलं की काहीच होत नाही आणि त्याकडे कोणी बघतही नाही.

बायकोने ही गोष्ट नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात हेरली. मला पहिली मागणी आली ती अशी. वस्तू : सहा मिलिमीटरचा नट. नग : एक. कारण : चष्मा घरी विसरलात, माझ्याकडे आहे, एक वाजता मधल्या फाटकाशी या.

मी घाबरून नामंजूर केली. शेरा लिहिणं सक्तीचं होतं म्हणून लिहिलं, "साठा नाही." आणि एक वाजता फाटकाशी गेलो.

पुढे एकोणीस वर्षं जवळजवळ रोज मागणी यायची. वस्तू नेहमी तीच, कारण रोज वेगळं. "मुलीला शाळेतून आणायची पाळी तुमची." "तुमच्या बहिणीशी मी आज गोड बोलले, नोंद घ्यावी." "काल रात्री घोरलात." मी प्रत्येक वेळी नामंजूर करून "साठा नाही" लिहायचो. ती घरी म्हणायची, "एक नट मागितला तर देता येत नाही, आणि म्हणे भांडारपाल."

आम्ही एकाच घरात राहिलो, एकाच बसने आलो-गेलो. पत्र लिहायची वेळच आली नाही. तिने मला लिहिलेलं जे काही होतं ते सगळं त्या चौथ्या रकान्यात होतं. ती गेल्यावर मी रोज जेवणाच्या सुट्टीत चार-पाच वाचायचो. बाकी दिवस त्यावर निघायचा.

मग लष्कराने संगणकांचं जाळं एका कंपनीला चालवायला दिलं. सगळ्या डेपोंचं, छावण्यांचं, जहाजांचंसुद्धा. आमच्या सिग्नलच्या लोकांनी बांधलेलं जुनं जाळं मोडीत निघालं. एका शुक्रवारी संध्याकाळी कंपनीची माणसं आली, आमचे संगणक उचलून नेले आणि त्या जागी नवे काळे डबे ठेवले. डबे लोखंडी कपाटात, कपाटांना कुलपं आणि किल्ल्या कंपनीकडे.

सोमवारी माझा डबा सुरू व्हायला सव्वा तास लागला. आत शिरल्यावर त्याने परवलीचा शब्द बदलायला सांगितला. बदलला तर म्हणाला, हा शब्द पूर्वी वापरला आहे. मी त्याच्याकडे पहिल्यांदाच आलो होतो, पूर्वी कधी वापरणार?

तरी माझं बरं होतं. कर्नलसाहेबांचं खातं आणि मेसच्या आचाऱ्याचं खातं यांची अदलाबदल झाली होती. साहेबांना रोज अंड्यांची आणि तेलाच्या डब्यांची यादी यायची, आणि आचाऱ्याला मुख्यालयाची गुप्त पत्रं. आचारी सरळ माणूस. तो ती पत्रं कागदावर उतरवून, घडी घालून, चहाच्या ट्रेमधून साहेबांकडे न्यायचा. "साहेब, तुमचं टपाल. तिसऱ्यातलं काही चांगलं दिसत नाही." छपाईचंही तसंच. आमच्या डेपोतून छापलेला कागद कुठल्याशा बंदरातल्या आरमाराच्या कचेरीत निघायचा. तिथला एक खलाशी रोज फोन करून विचारायचा, "तुमच्या लोकांचे रजेचे अर्ज इथे पडलेत, आम्हीच मंजूर करून टाकू का?"

मंगळवारी मी मागण्यांची यादी उघडली. चार हजारांच्या जागी एकच मागणी होती. ती मी सहा वर्षांपूर्वी चुकून मंजूर केली होती, बोट घसरलं म्हणून. एक नट पास करून, हातगाडीवर ठेवून, दोन फाटकं ओलांडून गणवेश भांडारात पाठवावा लागला होता. कारण होतं, "डब्यात मीठ कमी आहे. बोलू नका, मला माहीत आहे."

मी यादी बंद करून पुन्हा उघडली. एकच. मग उठून रॅकमधले बेअरिंगचे खोके उगाच इकडचे तिकडे केले आणि शेवटी डब्याबरोबर आलेल्या कंपनीच्या फोनवरून मदत कक्षाला फोन लावला.

"मदत कक्षात स्वागत आहे. आपल्या यंत्राचा पट्टी क्रमांक सांगा," एक मुलगी म्हणाली. आवाजावरून माझ्या मुलीएवढी असावी.

"तो कुठे असतो?"

"यंत्राच्या मागे, सर."

"यंत्र कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे आहे."

"मग किल्लीसाठी वेगळी तक्रार नोंदवावी लागेल."

"नोंदवा."

"यंत्राचा पट्टी क्रमांक सांगा."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी दोन आरसे आणि एक टॉर्च घेऊन फटीतून तो क्रमांक वाचला. त्या मुलीने तक्रार लिहून घेतली. ती म्हणाली, जुन्या नामंजूर नोंदी कंपनीने नव्या जाळ्यात आणल्या नव्हत्या, कारण नामंजूर म्हणजे कचरा. फक्त मंजूर तेवढ्या आणल्या.

"कचरा नाही तो," मी म्हणालो. "मला परत हव्या आहेत."

"त्या मागण्या कोणी केल्या होत्या, सर?"

"माझ्या बायकोने."

"मग त्यांना त्यांच्या खात्यातून विनंती करायला सांगा ना."

"ती वारली."

तिने मला थांबायला सांगितलं आणि बासरी लावली. बासरी बराच वेळ वाजली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणतात, तसं असेल तर मॅडमनी जाण्याआधी खातं बंद करायचा अर्ज भरायला हवा होता."

बायको असती तर त्या वरिष्ठाला फोनवर बोलावून तासभर सोडलं नसतं. मी नुसतं "बरं" म्हणालो. तिला बिचारीला काय बोलणार? दुसऱ्या दिवशी पडद्यावर निरोप आला, "आपली अडचण दूर झाली आहे. समाधानी असाल तर १ दाबा." मी २ दाबलं. "हा पर्याय सध्या उपलब्ध नाही."

घरी मुलीला सांगितलं. ती नोकरी करते, संध्याकाळी थकून येते. आईच्या मागण्यांबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. ती पोळपाट-लाटणं तसंच ठेवून माझ्यासमोर बसली.

"आई तुम्हाला ऑफिसमध्ये चिठ्ठ्या लिहायची? रोज? आणि तुम्ही काय उत्तर द्यायचात?"

"साठा नाही."

"चार हजार वेळा?"

"पद्धत होती ती."

"बाबा, तुम्ही धन्य आहात," ती म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा लाटायला बसली.

जुन्या जाळ्याचं मूळ यंत्र अजून सिग्नलच्या खोलीत होतं. ते सांभाळणारे सुभेदार माझ्यापेक्षा वयाने थोडे मोठे. त्यांनीच ते यंत्र वीस वर्षांपूर्वी जोडलं होतं, आणि कंपनी आल्यापासून ते दुखावलेल्या सासूसारखे त्याच्याशेजारी बसून असायचे.

"तीस तारखेला कंपनीचा ट्रक येणार," ते म्हणाले. "नेणार आणि चुरडणार. मी विचारलं, एवढं काय केलंय त्याने? म्हणे, नियम."

"त्याच्या आधी ते निरोप काढून देता येतील?"

"नक्कल करायची सोय त्यांनी बंद केली. छपाई बंद. कागदावर उतरवून न्याल तर फाटकावर पकडतील, भांडाराची नोंद बाहेर नेणं गुन्हा आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण दर शुक्रवारी यातलं जे काही मंजूर आहे ते आपोआप नव्यात जातं. तेवढं एक अजून चालू आहे. विसरलेत ते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"माझ्याकडे काय बघता, स्टोअरवाले? नामंजूर केल्या कोणी?"

"मी."

"मग आता मंजूर करा. ही खुर्ची, हा पडदा. एकेक करून."

तीस तारखेला तीन आठवडे होते. मी बसलो. सुभेदार मागून म्हणाले, "शेवटून सुरुवात करा. अलीकडच्या आधी."

मी म्हणालो, "जी मागणी आधी आली ती आधी द्यायची. भांडाराचा नियम आहे."

"इथे कोण तपासतंय?"

"तरीपण."

तीस वर्षं मी याच नियमाने माल दिला आहे. जुना खोका पुढे, नवा मागे. मी पहिल्या मागणीपासून सुरुवात केली. चष्मा घरी विसरलात. मंजूर.

एक मागणी उघडायला, वाचायला आणि मंजूर करायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागायचं. न वाचता करता आली असती, पण तसं करून काय उपयोग? जेवणाची सुट्टी आणि सुटल्यानंतरचा दीड तास मी सिग्नलच्या खोलीत काढू लागलो. मुलगी तापाने आजारी होती ते दिवस आले. माझी बदली टळली तो दिवस आला. "साहेबांना नाही म्हणालात, शाब्बास. नट मात्र पाठवा." मंजूर. एका मागणीत नुसतं "काही नाही, सहज" होतं. तीही मंजूर.

आणि मंजूर म्हणजे माल हलवायलाच हवा. नाहीतर ती खोटी नोंद, आणि "साठा नाही" सोडलं तर खोटी नोंद मी आजवर केलेली नाही. रोज दोनशेच्या वर नट, प्रत्येक नटाला वेगळी पिशवी, प्रत्येक पिशवीला वेगळा पास. आमचा हातगाडीवाला फार सावकाश चालतो म्हणून सगळे त्याला एक्सप्रेस म्हणतात. पहिल्या दिवशी त्याने गाडीतल्या पिशव्या बघितल्या.

"हे सगळं खिशात मावेल की हो."

"खिशातून माल जात नाही. गाडीवरूनच जातो."

"आणि गणवेशवाले नटाचं काय करणार? बटणं संपली का त्यांची?"

गणवेश भांडारात आता बायकोच्या हाताखालच्या बाई मुख्य आहेत. बायकोला ताई म्हणायच्या, म्हणून मी त्यांचा भाऊजी. त्यांना प्रत्येक पिशवीची पोच द्यावी लागायची. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, काय चालवलंय? माझं मनगट सुजलंय सह्या करून. टोप्यांच्या मांडणीवर नट, मोज्यांच्या मांडणीवर नट. परवा एका जवानाला बुटात नट सापडला."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ताई रोज सकाळी डोळ्याला चष्मा लावून गंभीर तोंडाने टाइप करायची ते हे होय? मी आपली कामात आहे म्हणून चहासुद्धा विचारायची नाही." आणि पुढे, "माझ्याबद्दल काही आहे का त्यात?"

"आहे. नवीन मुलगी आली आहे, हुशार आहे, पण बडबड फार."

"बघा! आणि तोंडावर म्हणायची, तू बोलतेस म्हणून वेळ छान जातो." त्या हसल्या आणि पदराने नाक पुसलं. "पाठवा तुम्ही. मनगटाचं बघू."

दुसऱ्या शुक्रवारनंतर माझ्या नव्या डब्यात दोन हजारांवर मागण्या दिसू लागल्या. उघडून बघितल्या. नव्या जाळ्यात कारणाचा रकाना छोटा होता, ऐंशी अक्षरांचा. त्यापुढचं कापलं गेलं होतं. ती खूश असली की थोडक्यात लिहायची, त्या सगळ्या पूर्ण आल्या. रागावली की लांबलचक लिहायची, त्या मधेच तुटल्या. "तुमच्या आईसमोर तुम्ही काल जे बोललात ते मला अजिबात आवडलं नाही आणि पुन्हा जर". पुन्हा जर काय, ते मला आठवतं. मी त्याबद्दल तक्रार नोंदवली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी डेपोच्या दाराशी लष्कराचा मोठा ट्रक येऊन उभा राहिला. आत चाळीस खोकी. सहा मिलिमीटरचे नट. मुख्यालयातल्या कंपनीच्या यंत्राने हिशेब केला होता की आमच्या गणवेश भांडाराला नटांची भयंकर गरज आहे, आणि कोणाला न विचारता वर्षाचा साठा धाडून दिला होता. कर्नलसाहेबांनी मला बोलावलं. मी गेलो तेव्हा ते उभ्या-उभ्या अंड्यांची यादी वाचत होते.

"स्टोअरकीपर, गणवेश विभाग काय रणगाडा शिवतोय?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोलणं मला जमत नाही, आणि नोकरी जाईल असं वाटत होतं. साहेब खिडकीतून ट्रककडे बघत राहिले.

"मी महिनाभर माझ्या स्वतःच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न करतोय," ते म्हणाले. "मुख्यालयाचं काय चाललंय ते मला आचाऱ्याकडून कळतं. काल तो मला सल्ला देत होता. आणि तुम्ही एक नट मागितला तर ट्रक येतो."

"मी मागितला नाही साहेब. बायकोने."

"त्यांना जमलं म्हणायचं. या जाळ्यावर पूर्ण झालेलं हे पहिलं काम." त्यांनी यादी खाली ठेवली. "किती राहिल्यात?"

"आठशेच्या आत. शेवटच्या वर्षातल्या, आणि त्याच्या आधीच्या थोड्या. शेवटी ती दिवसाला दोन-तीन पाठवायची."

"उरकून घ्या. उद्यापासून तुम्ही सकाळपासून तिथे बसा, भांडार मी सांभाळायला देतो."

बुधवारी सकाळी मी सिग्नलच्या खोलीत बसलो. तिच्या दुखण्याची सुरुवात झाली होती ती तारीख जवळ येत होती. "आज डॉक्टरांकडे जाऊन येते, काळजीचं काही नाही." मंजूर करायला मला बराच वेळ लागला. नंतरच्या दोन-चार मागण्यांनाही लागला. मी उठून सुभेदारांना चहा करून दिला, कपही धुतले. मग परत बसलो.

साडेअकराला कंपनीची दोन माणसं दारात आली. सव्वीस तारीख होती.

"तीसला यायचं होतं ना?" सुभेदार म्हणाले.

"तुमच्याकडून तक्रार होती, जुन्या नोंदींबद्दल. तातडीची. ती निकालात काढायची म्हणून लवकर आलो."

ती तक्रार माझीच होती.

सुभेदार त्यांच्याशी भांडले, कर्नलसाहेबांना फोन लावला. साहेब धावत आले, पण कंपनीला हुकूम द्यायचा तर तो जाळ्यावरून द्यावा लागतो, आणि जाळ्यावर साहेब आचारी होते. आचाऱ्याला बोलवायला माणूस गेला. तो हात पुसत येईपर्यंत यंत्राची वायर निघाली होती. त्या माणसांपैकी एकजण मला म्हणाला, "काका, जरा उठता का? खुर्ची नाही न्यायची, पण वायर तुमच्या पायाखाली आहे."

मी उठलो.

त्या आठवड्यातल्या मंजूर मागण्या शुक्रवारी जायच्या होत्या. पण सुभेदारांनी यंत्र गाडीत चढायच्या आधी, सही करायला पेन सापडत नाही म्हणत, वायर परत लावून त्या नव्या जाळ्यात ढकलल्या. पेन त्यांच्या खिशालाच होतं. तेवढ्या आल्या.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "सुभेदारकाकांनी सांगितलं होतं ना, शेवटून करा."

"भांडाराचा नियम आहे, आधीची आधी."

"नियम नाही बाबा. तुम्हाला ते वर्ष वाचायचं नव्हतं."

असेल. मी तिला नाही म्हणालो नाही.

आता रोज जेवणाच्या सुट्टीत मी तीन हजार चारशे मागण्यांतल्या चार-पाच वाचतो. एक्सप्रेस नट परत आणतो आहे, कारण गणवेशवाल्या बाईंना मोजे ठेवायला जागा हवी. मदत कक्षाच्या त्या मुलीने एकदा आपणहून फोन करून विचारलं, मिळाल्या का. मी म्हटलं, बऱ्याचशा.

बायकोच्या शेवटच्या वर्षातल्या पाचशे अठ्ठ्याऐंशी मागण्या मंजूर करायच्या राहिल्या.